सोमवारचा भोंगा

१

गोव्यातल्या मोपाच्या पठारावरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणनशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. आंतरराष्ट्रीय अशासाठी, की नेपाळच्या एका विद्वानाने ऑनलाईन बोलायचं कबूल केलं होतं आणि विमानतळ शेजारीच होता. मधूनच छपरावरून विमान जायचं. तेवढा वेळ वक्ते नुसते ओठ हलवत राहायचे. कुणाचं काही अडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, भाग्यलक्ष्मी गावस नोंदणीच्या टेबलापाशी आल्या आणि कार्यक्रमाच्या मोठ्या फलकासमोर थांबल्या. बाई गणिताच्या निवृत्त प्राध्यापक, राहणार डिचोली. परिषदेच्या सल्लागार मंडळावर त्यांचं नाव होतं. सल्ला विचारावा लागू नये म्हणून ज्यांना सन्मानाने बसवतात, ते हे मंडळ.

फलकावरच्या चौथ्या नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी डकवलेली होती. बाईंनी ती नखाने खरवडली. खाली नाव निघालं: तनया मळीक, आमोणे.

"खरवडू नका, बाई. आता काही उपयोग नाही."

मागे तनयाच उभी होती. परिषदेची पिशवी छातीशी धरलेली, डोळे सुजलेले. दहा वर्षांपूर्वी बाईंच्या वर्गात ही पहिल्या बाकावर बसायची आणि बाईंच्या चुका हळूच, एकांतात सांगायची. बाई ते विसरल्या नव्हत्या.

"कितें झालें गो, बाय?"

तनयाने फोन पुढे केला. तिचा शोधनिबंध दोन परीक्षकांनी पसंत केला होता, पत्रिकाही छापून झाली होती. मग शनिवारी अचानक तिसरं मत उगवलं. परीक्षक क्रमांक दोन. नाव अर्थातच नाही. परीक्षकाला लेखक कळू नये आणि लेखकाला परीक्षक, अशी या शास्त्रात रीत आहे. त्यामुळे माणूस मोकळेपणाने खरं बोलतो, असं म्हणतात. मोकळेपणाने आणखीही बरंच काही करता येतं, ते कुणी म्हणत नाही.

"चार वाजता समारोप," तनया म्हणाली. "त्यात प्राचार्य ठराव मांडणार, की मी नोंदी बनावट केल्या. मग पत्र विद्यापीठाला. माझी पीएचडी गेली, बाई. आणि नावही गेलं."

बाईंनी परीक्षण वाचलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. कारण आरोप चांगला होता.

२

तनयाचं काम साधं होतं. तिचे वडील सगुण मळीक डिचोलीच्या खाणींवर मशीन चालवायचे. खाणींनी पगार दिला आणि कान नेले. पोदेर सायकलवर पाव घेऊन यायचा, भोंगा वाजवायचा, निघून जायचा. सगुणबाब दारापुढच्या बाल्कांवात बसून वाट बघत राहायचे. तनयाने फोनला शिकवलं: पोदेराचा भोंगा ऐकू आला की खिशात एक लांब थरथर, मासे विकणाऱ्या नुस्तेकाराचा आला की दोन छोट्या, बाकी आवाजांना ढिम्म हलायचं नाही. त्यासाठी तिने गावात आवाज टिपले होते. कोणत्या दिवशी कोणता भोंगा किती वेळा वाजला, त्याची आकृती निबंधात होती.

परीक्षक क्रमांक दोन लिहीत होता: "आकृती पाहा. पहिल्या दिवशी मासेवाल्याचा भोंगाच नाही, दुसऱ्या दिवशी आहे. म्हणजे या गावात रविवारी मासे नाहीत आणि सोमवारी आहेत! सोमवारी चुलीवर नुस्तें चढवणारं घर या गावात मला दाखवावं. लेखिकेने नोंदी घरी बसून रचल्या आहेत. अशा कृतघ्न व्यक्तीची नोंदणी विद्यापीठाने रद्द करावी."

"बाय," बाई हळूच म्हणाल्या, "सोमवारी आमोण्यात नुस्तेकार आला कसा गो?"

"आला नव्हताच."

"मग आकृतीत?"

"आकृतीत सोमवार कुठे आहे, बाई? बघा ना. वारच नाहीत. गावाचं नाव नाही. निबंध निनावी द्यायचा, गाव-तारीख काही ठेवायचं नाही, असा नियम. मी नुसतं 'पहिला दिवस, दुसरा दिवस' लिहिलं. माझा पहिला दिवस सोमवार. म्हणून नुस्तेकार नाही. दुसरा मंगळवार. तो आला."

"हे प्राचार्यांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, आता तू सोमवारचा मंगळवार करणारच. फोनमधल्या तारखा बदलता येतात, आपण सगळे संगणकवालेच."

बाईंनी फोन परत दिला. या परीक्षकाला निबंधात नसलेलं गाव ठाऊक होतं. निबंधात नसलेला वारही त्याला ठाऊक होता. आणि तो वार चुकीचा होता.

"गाव ओळखणं सोपं," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "पण इतक्या खात्रीने चुकायचं म्हणजे माणसाला काहीतरी पक्कं माहीत असावं लागतं."

३

सेजल परब परिषदेची सचिव. तनयाची मैत्रीण आणि उत्तम निबंधाच्या बक्षिसासाठी तिची प्रतिस्पर्धी. तनयाचं नाव झाकलं गेल्यावर बक्षीस सेजलकडे सरकलं होतं, आणि ते सगळ्यांनी तिच्या तोंडावर बोलून दाखवलं होतं.

"बाई, शपथ घेऊन सांगते, मी नाही," ती म्हणाली. "क्रमांक दोनच्या जागेवर बेंगळुरूचे एक मोठे गृहस्थ होते. त्यांनी आमच्या एकाही मेलला उत्तर दिलं नाही. जागा रिकामीच होती. त्यांच्या नावाने कुणीतरी आत शिरलं."

"पासवर्ड कुणाकडे?"

सेजलने मान खाली घातली. "कार्यालयात पाण्याच्या फिल्टरवर चिकटवलाय."

"म्हणजे पाणी पिणाऱ्या कुणाकडेही."

"हो. पण त्या दारातून शिरलं तर निबंध निनावीच दिसतो. नावं फक्त मला आणि प्राचार्यांना दिसतात. म्हणून तर आम्ही दोघांनी परीक्षण करायचं नाही, असा नियम."

"आवाज टिपताना तू तनयाबरोबर होतीस?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत. ऐकून चांगलं-वाईट निवडायलाही आम्ही दोघीच बसलो. बाई, बक्षीस मला नको झालंय आता. लोक अभिनंदन करतात ते असं, की जणू मी तिला विहिरीत ढकललं."

परीक्षक क्रमांक एक उपाहारगृहात सापडले. अजय चौगुले, कोल्हापूरच्या एका महाविद्यालयाचे. ताटाकडे बघून ते गंभीर झाले होते.

"बाई, गोव्यात परिषद म्हटल्यावर मी प्रिन्सिपलच्या हातापाया पडून रजा काढली बघा. आणि ताटात काय? नुसत्या भाज्यांचं खतखतें! वाढप्याला म्हटलं, मासा कुठाय? तो म्हणतोय, आज सोमवार. सोमवारी मासा पोहायचा थांबतोय व्हय?"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक असतं तर परवाच येऊन कालच गेलो नसतो? आमच्याकडं वार वेगळे, देव वेगळा." त्यांनी आवाज खाली आणला. "त्या पोरीचं लई वाईट झालं. मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, पण चांगल्या. काम छान आहे, इंग्रजी सुधारा."

बाईंनी चौगुल्यांना मनातल्या मनात सोडून दिलं. ताटाचं दुःख खोटं नव्हतं.

उरले डॉ. रुद्रेश पालयेकर. तनयाचे आधीचे मार्गदर्शक. तनयाच्या पहिल्या निबंधावर त्यांनी स्वतःचं नाव घातलं, मग बायकोचं आणि शेवटी मेहुण्याचं. मेहुणा पेडण्यात टाइल्स विकायचा. तनयाने त्यांना रामराम ठोकला, तेव्हा भरल्या विभागात ते म्हणाले होते, "ही पोर पीएचडी कशी घेते ते बघतोच." हे वाक्य ऐकलेले निदान वीस लोक आज इथे चहा पीत होते, आणि सगळ्यांनी मनात निकाल देऊन टाकला होता.

पालयेकर जिन्याखाली एकटेच उभे होते. बाईंना बघताच त्यांचा चेहरा पडला.

"तुम्हीच का ते, रुद्रेश?" बाईंनी सरळ विचारलं.

"मीच," पालयेकर म्हणाले.

४

"मीच परीक्षक. पण क्रमांक तीन!" पालयेकरांनी कपाळावर हात मारून घेतला. "बाई, मी दहापैकी नऊ गुण दिले म्हणून मला चाबकाने मारा. निनावी निबंध! माझ्याकडे असताना ती भाताच्या रोगांवर काम करायची. मला काय माहीत भोंगेवालीही तीच? मी लिहिलं, 'अतिशय संवेदनशील आणि मौलिक संशोधन.' मौलिक! स्वतःच्या हाताने लिहिलं! घरी बायको बोलत नाही."

"कळलं असतं तर?"

"तर मी असं परीक्षण लिहिलं असतं, की हे क्रमांक दोनचं त्याच्यापुढे लग्नपत्रिका वाटलं असतं. पण मी रविवार-सोमवारच्या भानगडीत पडलो नसतो. मी सरळ म्हटलं असतं, कल्पना माझी चोरली."

इतका प्रामाणिक दुष्टपणा बाईंनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. त्यांना पालयेकरांविषयी जवळजवळ माया वाटली.

मग त्या प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. प्राचार्य श्रीनाथ प्रभुदेसाई परिषदेचे अध्यक्ष. भिंतभर फोटो, आणि प्रत्येक फोटोत ते नारळ फोडताना. प्रयोगशाळा, जनरेटर, सायकलींची शेड. आवारातला एकही नळ त्यांच्या नारळाशिवाय वाहिला नव्हता. बाईंच्या निरोपसमारंभातही ते अध्यक्ष होते. स्वतःच्या कारकिर्दीवर भरभरून बोलले, टाळ्या घेतल्या आणि बाईंची शाल बाईंना द्यायची विसरून ती घेऊनच घरी गेले. पुढे ती शाल त्यांच्या सौभाग्यवतींच्या अंगावर बाईंनी जत्रेत पाहिली होती. आकाशी, जरीकाठी. त्या गोष्टीला वर्षं झाली. बाई काही बोलल्या नव्हत्या. गणिताच्या माणसाला थांबता येतं.

"या, या, गावसबाई!" प्राचार्य उठले. "त्या मुलीसाठी आलात ना? मला विचाराल तर काळजाला घरं पडली. या कामाचा श्रीगणेशा माझ्या हातून झाला होता. आणि तिने काय करावं? कुठे दोन शब्द आभाराचे..." ते थांबले. "पण तो मुद्दा नाही. मुद्दा सत्याचा आहे."

"निबंध वाचलात तुम्ही?"

"अध्यक्षाला निबंध वाचायला वेळ कुठे? स्मरणिकेचं प्रूफ आलं तेव्हा शेवटचं पान चाळलं, एवढंच. परीक्षण कुणाचं ते मलाही माहीत नाही. गोपनीयता म्हणजे गोपनीयता."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "समारोपात मला एक प्रश्न विचारू द्याल? सल्लागार म्हणून."

"अवश्य! सल्लागारांनी काहीतरी करावं, असं मी नेहमी म्हणतो."

बाहेर व्हरांड्यात तनया आणि सेजल चहा घेऊन उभ्या होत्या. बाईंनी कप घेतला.

"बाय, तू म्हणालीस, पहिला दिवस सोमवार. पण सेजलबरोबर तू आमोण्याला गेलीस कधी?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"रविवारी," तनया म्हणाली. "पण रविवारचं रेकॉर्डिंग आम्ही मोजणीतून काढलं. त्यात भोंगे धड ऐकूच येत नव्हते."

"का?"

तनयाने कारण सांगितलं. बाईंनी चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि भर व्हरांड्यात, भारदस्त पाहुण्यांच्या देखत, त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

"ते रेकॉर्डिंग टाकून दिलंस?"

"टाकून कसं देईन? ते वेगळ्या कामाला लावलंय," तनया म्हणाली. "का हो, बाई?"

"फोन चार्ज करून ठेव. आणि सगुणबाबांना बोलावून घे. पुढच्या रांगेत बसव."

५

सभागृह भरलं. पुढच्या रांगेत सगुणबाब बसले, इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात फोन. मुलीवर काय वेळ आली आहे ते त्यांना कागदावर लिहून सांगितलं होतं. तेव्हापासून ते व्यासपीठाकडे डोळे न हलवता बघत होते.

प्राचार्यांनी ठराव वाचायला घेतला. सत्य, निष्ठा, गोमंतकाची परंपरा. पालयेकरांनी मान डोलावली. तेवढ्यात बाई उठल्या.

"अध्यक्ष महाशय, मला एवढंच विचारायचंय. ही लेखिका म्हणते, तिच्या नोंदी सोमवारी सुरू झाल्या. परीक्षक म्हणतात, रविवारी. निबंधात वार नाही. मग रविवार आला कुठून?"

"त्यात काय विचारायचं?" प्राचार्यांनी चष्मा काढला. "रविवारच होता! आमोण्याच्या देवळासमोर मी स्वतः नारळ वाढवून त्या कामाचं उद्घाटन केलं. फोटो आहे. पहिला दिवस म्हणजे उद्घाटनाचा दिवस! हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"तेच मी दिवसभर शोधत होते," बाई म्हणाल्या. "ज्याला पहिला दिवस म्हणजे उद्घाटनाचा दिवस वाटतो, असा माणूस."

सभागृहात कुजबुज थांबली. विमानही नेमकं त्या वेळी आलं नाही.

"त्या रविवारी तिथे तिघंच होती. तनया, सेजल आणि तुम्ही. फोटोवाला चौथा, पण तो संगणनशास्त्रात नाही. पुढे ते रेकॉर्डिंग या दोघींनी मोजणीतून काढून टाकलं. दोघींनाही ते पक्कं माहीत आहे, त्यामुळे सेजल ही चूक करूच शकत नाही. चौगुल्यांना सोमवार-मासा हे गणितच ठाऊक नव्हतं, ते दुपारपासून शोकात आहेत. पालयेकरांनी निबंध न ओळखता नऊ गुण दिले—"

"बाई!" पालयेकर कळवळले.

"—आणि ते आयुष्यभर भोगतील. उरतो तो माणूस, जो नारळ फोडून, फोटो काढून निघून गेला आणि ज्याच्या मनात कधी आलंच नाही, की आपलं उद्घाटन कुणी वगळूही शकतं. परीक्षक क्रमांक दोन, प्रभुदेसाई सर, तुम्ही आहात. आणि अध्यक्षाला लेखकांची नावं दिसतात, म्हणून त्याने परीक्षण करायचं नाही, हा नियम तुमच्याच सहीचा आहे."

"काय पुरावा?" प्राचार्य गरजले. "रविवारी नुस्तेकार आला नाही, ही त्या आकृतीतली नोंद—"

"तनया," बाई म्हणाल्या, "लाव."

ध्वनिक्षेपकातून आधी कोंबडा आरवला. मग नारळ फुटल्याचा आवाज. मग प्राचार्यांचा: "आज रविवारच्या या मंगल प्रभाती, मी जेव्हा माझ्या बालपणाकडे वळून पाहतो..." भाषण चालू राहिलं. बालपण संपून कॉलेजचे दिवस लागले, तेव्हा मागून बारीक, रागावलेला भोंगा ऐकू आला. पुन्हा आला. मग प्राचार्यांचा आवाज, माईकपासून तोंड वळवून: "अरे, त्या नुस्तेकाराला कुणीतरी गप्प करा रे! मी बोलतोय!"

आधी चौगुले हसले. मग कुणी थांबलं नाही.

"रविवारी नुस्तेकार आला होता, सर," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्याला गप्प केलंत. आणि मग त्याची नोंद नाही म्हणून तिला खोटारडी ठरवलंत."

प्राचार्यांनी टेबल धरलं. "मी केलं ते सद्हेतूने केलं. तिच्या कामाला सुरुवात मी करून दिली, आणि निबंधाच्या शेवटी माझं नाव नाही? एक ओळ नाही?"

तनया उठली. आवाज लहान होता, पण फुटला नाही.

"सर, निनावी प्रतीत आभार लिहायचे नसतात. त्यावरून लेखक ओळखू येतो. स्मरणिकेच्या प्रुफातही तीच प्रत होती. पूर्ण प्रत माझ्याकडे आहे. त्यात आभाराची पहिली ओळ तुमचीच होती."

तिने फोन त्यांच्यासमोर धरला. प्राचार्यांनी वाचलं. त्यांचे ओठ हलले. त्यांनी पुन्हा वाचलं.

"ही ओळ," ते म्हणाले, "ही राहील ना?"

"राहील, सर. थोडी बदलून. तुमचं रविवारचं भाषण मी फेकलं नाही. फोनला कोणते आवाज ऐकायचे ते शिकवलं, तसं कोणत्या आवाजाला हलायचं नाही तेही शिकवावं लागतं. त्याचा नमुना म्हणून अख्खं भाषण घातलंय. त्याबद्दल आभार. जिथे जिथे हे चालेल, त्या प्रत्येक फोनला तुमचा आवाज ओळखता येईल. आणि तो हलणार नाही."

सेजलने फलकावरची पट्टी केव्हा काढली आणि नाव केव्हा मोकळं केलं, ते कुणी पाहिलं नाही. ठरावाचा कागद पालयेकरांनी चार घड्या करून खिशात घातला. सूड हुकलेल्या माणसाला दुसऱ्याचाही हुकलेला बघवत होता, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं असावं. बाई प्राचार्यांच्या जवळ गेल्या.

"आणखी एक, सर. आकाशी शाल. जरीकाठी. उद्या पाठवून द्या."

प्राचार्यांचा चेहरा पांढरा झाला. पण हातात माईक होता, आणि तो हातात असताना ते कधी गप्प बसले नव्हते. "या निमित्ताने," ते म्हणाले, "मी माझी भूमिका स्पष्ट करू इच्छितो. मी जेव्हा माझ्या बालपणाकडे वळून पाहतो..."

पुढच्या रांगेत सगुणबाब व्यासपीठाकडे बघत बसले होते. खिशातला फोन ढिम्म होता. बालपण गेलं, कॉलेज सुरू झालं, फोन ढिम्मच.

मग बाहेर, गेटच्या बाजूने, संध्याकाळचा पोदेर आला. सभागृहात कुणाला काही ऐकू आलं नाही. सगुणबाबांच्या खिशात एक लांब थरथर झाली. ते उठले, शर्ट नीट केला आणि सगळ्यांच्या पुढून, शांतपणे, पाव आणायला चालू लागले.

बाईंनी त्यांच्या मागोमाग पिशवी उचलली. मग चौगुले उठले. मग सगळी रांग.